मोकळा नकाशा : डावपेचांच्या खेळांतील युनिटे काढण्याचे साधन आणि नोंदींची शिस्त

१. विषयाची व्याप्ती

डावपेचांच्या संगणकीय खेळात जमीन आणि त्या जमिनीवर मांडलेले सैन्य या दोन्ही गोष्टी खेळणाऱ्याला पडद्यावर एकत्रच दिसत असल्या, तरी त्या खेळाच्या फाइलीत त्यांची नोंद वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या पद्धतीने केलेली असते. मराठीत ज्यांना सर्रास ‘स्ट्रॅटेजी गेम’ म्हटले जाते, त्या खेळांत खेळाडू एका व्यक्तिरेखेऐवजी संपूर्ण फौज, वसाहत किंवा राज्य चालवतो, आणि हे सगळे ज्या भूमीवर घडते तिचे वर्णन नकाशा-फाइलीत साठवलेले असते. या फाइलीत डोंगर, पाणी, वाळू, रस्ते यांच्याबरोबरच खेळ सुरू होण्यापूर्वी नकाशाकाराने नेमून ठेवलेले सैनिक, कामकरी, इमारती, खाणी आणि वन्य प्राणी यांचीही यादी असते. या यादीतील प्रत्येक वस्तूला ‘युनिट’ म्हणतात, आणि नकाशा तयार करण्यासाठी खेळाबरोबर दिलेल्या आज्ञावलीला ‘एडिटर’ म्हणतात.

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय एक लहानसे साधन हा आहे. आधीच मांडलेली युनिटे नकाशा-फाइलीतून काढून टाकणारे आणि जमीन जशीच्या तशी राखणारे हे साधन आहे. एडिटरमध्ये शेकडो युनिटे एकेक करून पुसण्याचा कंटाळा, किंवा एखादा जुना नकाशा नव्या एडिटरमध्ये उघडतच नसल्याची अडचण, यांतून अशी साधने जगभरच्या हौशी नकाशाकारांनी स्वतःच घडवली. वरकरणी हा खेळाच्या दुनियेतील किरकोळ मामला वाटतो. तथापि कोणतीही नोंद पुसण्यापूर्वी तिच्यावर आणखी काय काय अवलंबून आहे हे कसे शोधावे, हा प्रशासन, इतिहासलेखन आणि संगणकशास्त्र या तिन्ही क्षेत्रांतला मोठा प्रश्न येथे इतक्या स्वच्छ रूपात समोर येतो की, त्याचा अभ्यास शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर गांभीर्याने व्हावा, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२. भूमी आणि तिच्यावरची मांडणी

भूमी व मांडणी यांची फारकत संगणकाने शोधून काढलेली नाही. प्रशियाच्या सैन्यात 1824 साली गेओर्ग हाइनरिख रुडोल्फ फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने वडिलांच्या प्रयोगाला शिस्तबद्ध रूप देऊन ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळ सिद्ध केला, तेव्हा त्याने 1:8000 प्रमाणाचा भूरचनेचा नकाशा टेबलावर अंथरला आणि दोन्ही बाजूंच्या तुकड्या लाल व निळ्या ठोकळ्यांनी दाखवल्या. ठोकळे उचलले की नकाशा पुढच्या डावाला मोकळा होत असे. बुद्धिबळात तर ही फारकत त्याहून जुनी आहे. पट सर्व डावांत एकच असतो, बदलते ती मोहऱ्यांची मांडणी, आणि म्हणूनच पट न काढता केवळ मांडणी एका ओळीत लिहून ठेवता येते. स्कॉटलंडच्या डेव्हिड फॉर्सिथ याने 1883 च्या सुमारास सुचवलेली आणि पुढे संगणकासाठी स्टीव्हन एडवर्ड्स याने विस्तारलेली लेखनपद्धती आजही हेच काम करते. तिच्यात रिकाम्या घरांच्या जागी त्यांची संख्या लिहितात, त्यामुळे पूर्ण मोकळा पट म्हणजे तिरप्या रेघांनी विभागलेले आठ वेळा आठ.

या पद्धतीत एक बारकावा आहे आणि तो पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे. मोहऱ्यांच्या ओळीनंतर खेळी कोणाची, किल्लेकोट करण्याचा हक्क कोणत्या बाजूला उरला आहे, अशी आणखी काही पदे येतात. एखाद्याने पांढऱ्याचे दोन्ही हत्ती मांडणीतून काढले, पण किल्लेकोटाच्या हक्काचे पद तसेच ठेवले, तर ती ओळ दिसायला शुद्ध आणि अर्थाने खोटी ठरते, कारण जो हत्ती पटावर नाही त्याच्याशी किल्लेकोट करण्याचा हक्क ती राजाला देते. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै 2025 मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून विदर्भात बुद्धिबळाकडे वळलेली मुले संगणकावर डाव मांडताना ही ओळ हाताळू शकतात. तिच्यातील या परस्परावलंबनाकडे मात्र त्यांचे लक्ष कोणी मुद्दाम वेधलेले नसते.

गोंदिया जिल्ह्यातील बिरसीच्या परिसरात हा विषय मांडण्यास एक खास औचित्य आहे. 1940 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटिशांनी येथे विमानांसाठी धावपट्टी बांधली. युद्ध संपले, ज्या लष्करी गरजेसाठी ती आखली गेली ती गरजही संपली, पण धावपट्टी राहिली. आधी सार्वजनिक बांधकाम विभाग, मग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि डिसेंबर 2005 पासून भारतीय विमानतळ प्राधिकरण असा तिचा कारभार बदलत गेला. पुढे वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट येथे उभी राहिली आणि 2022 मध्ये प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. एकाच भूमीवर वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी मांडणी कशी येते, याचे हे गाव जिवंत उदाहरण आहे. उड्डाणाचे शिक्षण देणाऱ्या सिम्युलेटरमध्येही, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रात, हेच तत्त्व असते : भूभाग आणि धावपट्टी यांचा साठा एकीकडे, तर आजूबाजूची विमाने, ढग आणि वारा यांची मांडणी दुसरीकडे, त्यामुळे प्रशिक्षकाला तीच धावपट्टी प्रत्येक वेळी वेगळ्या परिस्थितीत विद्यार्थ्यापुढे ठेवता येते.

३. फाइलीच्या आत

हे साधन नेमके काय करते हे समजण्यासाठी एका प्रत्यक्ष फाइलीत उतरणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी 1998 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टारक्राफ्ट’ या खेळाची नकाशा-फाइल सर्वांत सोयीची आहे, कारण तिची रचना सुटसुटीत असून हौशी अभ्यासकांनी ती बारकाईने उलगडलेली आहे. या फाइलीचे बाहेरचे आवरण म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधणारे गाठोडे असते, ज्याला ‘एमपीक्यू’ म्हणतात. ते सोडले की आत ‘सिनॅरिओ डॉट सीएचके’ ही मूळ फाइल सापडते. ती एकामागून एक लावलेल्या खंडांची बनलेली असते. प्रत्येक खंडाच्या आरंभी चार अक्षरांचे नाव, त्यानंतर चार बाइटांत त्या खंडाची लांबी आणि मग मजकूर, असा क्रम असतो. बाइट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतले एक घर, ज्यात 0 ते 255 यांपैकी एक संख्या मावते. नकाशाच्या लांबी-रुंदीचा खंड वेगळा, जमिनीच्या फरश्यांचा वेगळा, घटनांचे नियम सांगणारा वेगळा, आणि मांडलेल्या युनिटांचा वेगळा.

युनिटांच्या खंडात प्रत्येक युनिटासाठी बरोबर 36 बाइट राखलेले असतात, आणि त्या 36 बाइटांत एका युनिटाचा सगळा दाखला सामावतो. पहिल्या चार बाइटांत त्याचा अनुक्रमांक, पुढील चार बाइटांत आडवे व उभे स्थान, मग दोन बाइटांत प्रकाराचा क्रमांक असतो. त्यानंतर दुसऱ्या युनिटाशी असलेल्या नात्याचा प्रकार, मालक खेळाडू, प्राणशक्तीची टक्केवारी, खाणीत उरलेल्या संपत्तीचे प्रमाण आणि सर्वांत शेवटी, नाते असलेल्या युनिटाचा अनुक्रमांक असा क्रम लागतो. सैनिकाचा प्रकार 0, मानवी पक्षाच्या कामकऱ्याचा 7, खनिजाच्या ढिगांचे 176 ते 178, वायूच्या उगमाचा 188 आणि खेळाडूच्या आरंभस्थानाचा 214, असे हे क्रमांक ठरलेले आहेत.

आता समजा, एका नकाशात 100 युनिटे आहेत आणि त्यांतली 60 काढावयाची आहेत. खंडाची मूळ लांबी 3600 बाइट असेल. साधनाने 36-36 बाइटांचे दाखले क्रमाने वाचावेत, ठेवावयाचे 40 दाखले नव्या खंडात उतरवावेत, लांबीच्या जागी 1440 ही संख्या लिहावी आणि बाकीचे खंड जसेच्या तसे त्यामागे जोडावेत. खंडाची लांबी लिहिण्यात एका बाइटाची जरी चूक झाली, तरी खेळ पुढच्या खंडाचे नाव चुकीच्या जागी शोधू लागतो आणि तेथून पुढे फाइलीचा अर्थच लागत नाही. दाखले पुसण्याऐवजी त्या जागी शून्ये भरण्याचा मोह नवशिक्याला होतो, पण तो घातक आहे. प्रकार-क्रमांक 0 हा सैनिकाचा असल्यामुळे खेळाच्या लेखी शून्यांनी भरलेला दाखला हा कोरा दाखला नसून पहिल्या खेळाडूच्या मालकीचा, नकाशाच्या कोपऱ्यातला सैनिक असतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न ‘सगळी युनिटे’ या शब्दप्रयोगाच्या अर्थाचा आहे. खेळणाऱ्याच्या दृष्टीने खनिजाचा ढीग हा जमिनीचा भाग असतो. फाइलीच्या दृष्टीने मात्र तो सैनिकासारखाच 36 बाइटांचा दाखला असतो. आरंभस्थान तर पडद्यावर दिसणारी वस्तूही नाही, तरीही तेही युनिटच. त्यामुळे युनिटांचा खंड आंधळेपणाने रिकामा करणारे साधन सैन्याबरोबर खनिज, वायू आणि खेळाडूंची आरंभस्थानेही उडवते, आणि मागे राहतो तो ज्यावर डाव मांडताच येत नाही असा नकाशा. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ या 1999 सालच्या खेळात हीच गोष्ट आणखी ठळक आहे. तेथे झाडे, सोन्याच्या खाणी आणि हरणे ही सर्व निसर्गाच्या, म्हणजे ‘गाया’ नावाच्या शून्याव्या खेळाडूच्या, मालकीची युनिटे म्हणून नोंदलेली असतात. ती काढली की जंगलासह सारा नकाशा उजाड होतो. भूमी कोठे संपते आणि मांडणी कोठे सुरू होते, ही सीमा फाइलीत आखलेली नसते, ती साधन घडवणाऱ्याला विचारपूर्वक आखावी लागते.

४. मागे राहणारे संदर्भ

दाखला काढून टाकणे सोपे आहे. त्या दाखल्याकडे बोट दाखवणाऱ्या इतर नोंदी शोधणे अवघड आहे. स्टारक्राफ्टमध्ये मुख्य इमारत आणि तिला जोडलेली उपइमारत आपापल्या दाखल्यात एकमेकींचा अनुक्रमांक बाळगतात. त्यांतली एक काढली आणि दुसरी ठेवली, तर उरलेल्या दाखल्यातला अनुक्रमांक अस्तित्वात नसलेल्या वस्तूकडे निर्देश करत राहतो. संगणकशास्त्रात अशा नोंदीला लोंबता संदर्भ म्हणतात. त्याच नकाशात ‘ट्रिगर’ म्हणजे अमुक घडल्यास तमुक करावे असे नियम असतात, आणि त्यांतला एक सर्वपरिचित नियम असा की, ज्या खेळाडूजवळ एकही इमारत उरली नाही तो हरला. नकाशाकाराची मांडणी जशीच्या तशी वापरणाऱ्या खेळप्रकारात सगळ्या इमारती काढल्या आणि हा नियम मात्र राहिला, तर डाव सुरू होताच सर्व खेळाडू पराभूत ठरतात. येथे फाइल कोठेही बिघडलेली नसते. बिघडतो तो नियम आणि वस्तुस्थिती यांचा मेळ.

2002 साली आलेल्या ‘वॉरक्राफ्ट 3’ या खेळात ही अडचण वेगळेच रूप घेते. त्याच्या नकाशात मांडलेल्या युनिटांची यादी एका फाइलीत असते खरी, परंतु ती प्रामुख्याने एडिटरच्या उपयोगाची असते. नकाशा जतन करताना एडिटर त्या यादीवरून एक आज्ञालेख तयार करतो, आणि प्रत्यक्ष खेळात युनिटे उभी राहतात ती या आज्ञालेखामुळे. परिणामी केवळ यादी रिकामी करणाऱ्याला एडिटरमध्ये मैदान मोकळे दिसते आणि खेळ सुरू केल्यावर सगळे सैन्य पुन्हा जागच्या जागी हजर होते. उलट आज्ञालेखातून एखाद्या युनिटाची घोषणा काढली आणि त्याच्या नावाचा उल्लेख दुसऱ्या एखाद्या नियमात राहिला, तर आज्ञालेखच अवैध ठरतो आणि नकाशा सुरूच होत नाही. एकच वस्तुस्थिती दोन जागी नोंदलेली असेल, तर दोन्ही जागा एकाच वेळी बदलल्या पाहिजेत, हा नियम येथे प्रत्यक्ष अनुभवास येतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हा नियम परका नाही. गावनकाशावर शेताची हद्द आणि गट क्रमांक असतो, पण खातेदाराचे नाव नसते. ते सातबाऱ्यावर असते, आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. खातेदाराचे नाव कमी करावयाचे असल्यास तलाठी सातबाऱ्यावरची ओळ परस्पर खोडत नाही. आधी गाव नमुना 6 मध्ये फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी मुदत मिळते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. शिवाय जुना फेरफार क्रमांक पुढेही शोधता येतो. कोणाची नोंद, कोणत्या कारणाने, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या तारखेला निघाली, हे सांगता येणे ही या पद्धतीची खरी ताकद आहे. विमानतळाच्या विस्तारासाठी ज्या गावाने जमीन दिली आणि पुनर्वसनाचा प्रश्न ज्या गावात दीर्घकाळ धगधगत राहिला, त्या बिरसीला नोंदींच्या या शिस्तीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खेळातली युनिटे काढताना कोणाचे घर जात नाही. खऱ्या नकाशावर मात्र प्रत्येक खुणेमागे माणूस असतो. म्हणूनच ज्या पिढीच्या हाती पुढे खरे नकाशे आणि खऱ्या नोंदी येणार आहेत, तिने खोडण्याची शिस्त निरुपद्रवी जागी आधी शिकावी, हे इष्ट आहे.

५. उत्तम साधनाची लक्षणे

वरील विवेचनावरून युनिटे काढणाऱ्या साधनाने कोणत्या कसोट्या पाळाव्यात, हे आता निश्चित करता येते. पहिली कसोटी मूळ प्रतीच्या संरक्षणाची आहे : साधनाने मूळ फाइलीवर कधीही लिहू नये, निकाल नेहमी नव्या नावाच्या फाइलीत द्यावा. दुसरी कसोटी निवडीची आहे : मालकानुसार, प्रकारानुसार आणि नकाशाच्या विशिष्ट भागानुसार काय काढावे हे वापरणाऱ्याला ठरवता यावे, आणि आरंभस्थाने व निसर्गसंपत्ती स्पष्टपणे मागितल्याशिवाय काढली जाऊ नयेत. तिसरी कसोटी पूर्वसूचनेची आहे : प्रत्यक्ष काढण्यापूर्वी कोणते दाखले जाणार आणि त्यामुळे कोणते नियम किंवा दुवे लोंबते राहणार, याची यादी साधनाने दाखवावी, जेणेकरून माणसाला डोळसपणे निर्णय घेता यावा.

चौथी कसोटी सर्वांत कडक असून साधन घडवणाऱ्याने ती स्वतःवर लावावयाची असते. एकही युनिट न काढता साधनाने आतली फाइल केवळ वाचून पुन्हा लिहिली, तर नवी फाइल जुन्या फाइलीशी बाइटागणिक जुळली पाहिजे. जुळली नाही, तर आपल्याला न समजलेला एखादा खंड साधन गाळत आहे किंवा बदलत आहे, असा त्याचा अर्थ होतो. ज्या खंडाचा अर्थ कळत नाही तो जसाच्या तसा पुढे द्यावा, ही येथील नीती आहे. अज्ञात मजकूर निरुपयोगी समजून टाकून देणे हा हस्तलिखितांच्या संपादनात जसा दोष मानला जातो, तसाच तो येथेही दोषच आहे. पाचवी कसोटी अशी की, तेच साधन त्याच निवडीने दुसऱ्यांदा चालवले, तर काहीही आणखी बदलू नये. या पाचही कसोट्यांना उतरणारी आज्ञावली ‘पायथन’सारख्या सुलभ भाषेत थोडक्या ओळींत लिहिता येते, तिला महागडा संगणक लागत नाही, आणि तरीही ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला फाइलीची रचना, संख्यांचे बाइटांतील लेखन, दुवे, चाचणी आणि जबाबदारी या सर्वांचा परिचय एकाच कामातून होतो.

दुसऱ्याने मेहनतीने रचलेला नकाशा मोकळा करताना त्याच्या मूळ कर्त्याचे श्रेय राखणे, ही कसोटी तंत्राच्या बाहेरची असली तरी तितकीच बंधनकारक आहे. भूमी रचणे हीही निर्मितीच आहे, आणि तिच्यावरची मांडणी बदलल्याने पहिल्या कर्त्याचे नाव पुसले जात नाही.

६. या भागासाठी उपयोग

मोकळा नकाशा हे अभ्यासाचे साधन आहे. ज्या जमिनीवर एक लढाई एकदाच झाली, त्या जमिनीवर वेगळ्या मांडणीने काय घडू शकले असते, हा प्रश्न विचारण्यासाठी आधी जमीन मोकळी असावी लागते. नोव्हेंबर 1817 मधली नागपूरच्या सीताबर्डीची लढाई दोन टेकड्यांच्या उंचीतील फरकाशिवाय समजत नाही, आणि 1818 मध्ये बिरसीजवळच्या कामठ्याच्या चिमना पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध केलेला उठाव पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा 2003 पासून विकसित होत आलेला मुक्त खेळ अशा प्रयोगांसाठी विशेष सोयीचा आहे, कारण त्यात जमिनीचे वर्णन साध्या अक्षरांत एका फाइलीत आणि युनिटांचे वर्णन प्रसंगाच्या वेगळ्या फाइलीत लिहिलेले असते. भूमी आणि मांडणी मुळातच वेगळी ठेवली, की काढण्याचे काम किती सोपे होते, हे विद्यार्थ्याला त्या दोन फाइली शेजारी शेजारी उघडताच कळते.

गोंदिया जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारी तलाव, त्यांच्या पाळी, धानाच्या बांध्या, नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल, वैनगंगा आणि वाघ या नद्या यांनी येथील भूमी घडली आहे, आणि खेळाच्या नकाशात ती जशी हवी तशी उतरायला हवी. ती उतरवण्याचे काम येथल्याच मुलांनी केले पाहिजे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या संगणक विभागांनी एका सत्राच्या प्रकल्पासाठी हे लहानसे साधन निवडावे. इतिहास आणि भूगोलाच्या शिक्षकांनी त्याच विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्याचा नकाशा रचावयास लावावा. आणि जे तयार होईल ते मुक्त परवान्याखाली, मराठी सूचनांसह, सर्वांना उपलब्ध करून द्यावे. नोंद कशी करावी हे शाळा शिकवते, पण केलेली नोंद जबाबदारीने कशी काढावी हे क्वचितच शिकवले जाते. ते शिकवण्याची सुरुवात गोंदिया जिल्ह्याने करावी आणि त्यासाठी येत्या शैक्षणिक वर्षाची वाट पाहत बसू नये, एवढेच या व्याख्यानाचे श्रोत्यांना आणि वाचकांना आवाहन आहे.